विंडोज सोडून लिनक्सवर गेमिंग : आधी गेमची यादी, मग बाकी सगळे

विंडोज १० चा अधिकृत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. म्हणजे सातव्या पिढीचा आय७, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६० असा आजही चांगला पळणारा पीसी मायक्रोसॉफ्टच्या लेखी बाद. ज्यांचा पीसी पात्र ठरला तेही खूश नाहीत. स्टार्ट मेनूतल्या जाहिराती, मायक्रोसॉफ्ट अकाउंटची सक्ती, न मागता आलेला कोपायलट, अशी यादी वाढतच चालली आहे.

अशा वेळी "लिनक्स टाक की" हा सल्ला फुकट मिळतो. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. तुमचे काम होईल की नाही हे कोणते लिनक्स टाकता यावर फारसे ठरत नाही, तुम्ही काय खेळता यावर ठरते. म्हणून या लेखात डिस्ट्रोची, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्तीची, निवड तिसऱ्या पायरीला येते.

व्हॉल्व्हला विंडोज का नकोसे झाले

थोडी पार्श्वभूमी, कारण पुढचा भरवसा तिच्यावरच उभा आहे. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाची मालक असलेल्या व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल स्वतः मायक्रोसॉफ्टमध्ये १३ वर्षे काढलेले. जुलै २०१२ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितले की विंडोज ८ हे पीसीच्या धंद्यातल्या सगळ्यांसाठी संकट आहे. त्यांना सलत होते ते विंडोजमध्येच आलेले स्टोअर. उद्या मायक्रोसॉफ्टने सगळी विक्री आपल्याच दुकानातून व्हावी असे ठरवले तर स्टीमने जायचे कुठे?

फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले, त्याच डिसेंबरात व्हॉल्व्हचे स्वतःचे लिनक्स, स्टीमओएस, आले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यावर चालणारे स्टीम मशीन नावाचे गेमिंग पीसी बाजारात आले. ते आपटले. कारण साधे होते: प्रत्येक कंपनीने आपला गेम लिनक्ससाठी वेगळा बनवावा अशी अपेक्षा होती आणि एवढ्याशा गिऱ्हाइकासाठी कोणी बनवेना. मग व्हॉल्व्हने प्रश्नच उलटा केला. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आले. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा, १९९३ पासून चालत आलेला वाइन हा प्रकल्प त्याचा पाया. विंडोजच्या डायरेक्टएक्स ९ ते ११ च्या ग्राफिक्स आज्ञा लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन या ग्राफिक्स भाषेत बदलणारे डीएक्सव्हीके आणि डायरेक्टएक्स १२ साठीचे व्हीकेडी३डी-प्रोटॉन त्यावर रचलेले. प्रोटॉन हा दुभाषा समजा: गेम विंडोजचीच भाषा बोलत राहतो, हा मध्ये बसून लिनक्सला समजावतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीमओएसवर चालणारे हातात धरून खेळायचे यंत्र, स्टीम डेक, आले, आणि तेव्हापासून हा दुभाषा पक्का असणे ही व्हॉल्व्हच्या गल्ल्याची गरज झाली. पूर्वी वाइनवर एखादा गेम अडला की कोणा स्वयंसेवकाला सवड मिळेपर्यंत थांबावे लागे. आता ते काम करणाऱ्यांना पगार मिळतो. फरक पडला तो इथे.

पायरी १ : यादी करा आणि ती निर्दयपणे तपासा

गेल्या सहा महिन्यांत खरोखर खेळलेले गेम कागदावर लिहा. सेलमध्ये घेऊन ठेवलेले आणि कधीच न उघडलेले गेम यात धरू नका. मग यादीचे दोन भाग करा: एकट्याने खेळायचे, आणि अनोळखी लोकांशी ऑनलाइन भिडायचे.

पहिल्या भागाची काळजी नाही. सायबरपंक २०७७, एल्डन रिंग, विचर ३, रेड डेड रिडेम्पशन २, बाल्डर्स गेट ३ हे सगळे चालतात. बाकीच्यांसाठी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर नाव टाका. तिथे लोकांनी आपापल्या पीसीवरचे अनुभव लिहिलेले असतात आणि त्यावरून प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ, बोर्क्ड अशी प्रतवारी होते. प्रत पाहून थांबू नका, खालचे ताजे अभिप्राय वाचा. तीन वर्षांपूर्वीच्या तक्रारीला आज काही किंमत नाही, आणि तुमच्याच ग्राफिक्स कार्डाच्या माणसाने कालपरवा लिहिलेली एक ओळ प्रतवारीपेक्षा मोलाची. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' तुमच्या यादीत असेल तर त्याचेही अभिप्राय असेच तपासा.

स्टीमच्या पानावर डेकसाठीचा शेराही दिसतो. तिथे 'प्लेएबल' लिहिले असले म्हणून बिचकू नका. कित्येकदा त्याचा अर्थ एवढाच असतो की डेकच्या छोट्या पडद्यावर अक्षरे बारीक दिसतात. तुमच्या २४ इंची मॉनिटरला त्याचे काय?

घोडे अडते ते दुसऱ्या भागात. फसवेगिरी पकडणारी अँटीचीट प्रणाली अनेक गेममध्ये विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, शिरून बसते. प्रोटॉन गेमच्या मागण्यांचे भाषांतर करतो, पण विंडोजच्या कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हर तो चालवू शकत नाही, कारण इथे ते कर्नलच नाही. ईझी अँटीचीट आणि बॅटलआय या दोन प्रसिद्ध प्रणालींनी २०२१ पासून प्रोटॉनची सोय केली आहे, पण ती चालू करायची की नाही हे गेमची कंपनी ठरवते. एल्डन रिंगमध्ये ती चालू आहे. एपेक्स लेजंड्समध्येही होती, पण ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस ईए या त्याच्या कंपनीने फसवणुकीचे कारण देऊन लिनक्सचे दार बंद केले. जीटीए ऑनलाइनचे सप्टेंबर २०२४ मध्ये तसेच झाले. जीटीए ५ ची कथा मात्र आजही खेळता येते.

थोडक्यात, व्हॅलोरंट, लीग ऑफ लेजंड्स, फोर्टनाइट, पबजी, कॉल ऑफ ड्यूटीचे ऑनलाइन भाग, रेनबो सिक्स सीज, बॅटलफील्ड ६ आणि ईएचा अलीकडचा फुटबॉल लिनक्सवर चालत नाही. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ तर थेट लिनक्ससाठीच बनलेले आहेत. पण काउंटर-स्ट्राइक तुम्ही फेसइट या बाहेरच्या स्पर्धात्मक सेवेवर खेळत असाल तर तिथली अँटीचीट पुन्हा विंडोजच मागते. ब्लूस्टॅक्स या पीसीवरच्या अँड्रॉइड एम्युलेटरवर मोबाइलचे गेम खेळणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे की ब्लूस्टॅक्सची लिनक्स आवृत्ती नाही.

माझे मत स्पष्ट आहे. रोज रात्री पाच मित्रांबरोबर व्हॅलोरंट हेच तुमचे गेमिंग असेल तर हा लेख इथेच सोडा आणि विंडोजवर राहा. व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आत चालवलेल्या विंडोजमध्ये) लपूनछपून खेळण्याच्या युक्त्या सांगणारे भेटतील. अकाउंट बंद झाल्यावर ते भेटणार नाहीत.

पायरी २ : पीसीत काय आहे ते पाहा

एएमडीचे ग्राफिक्स कार्ड असेल तर सगळ्यात कमी कटकट. ड्रायव्हर लिनक्सबरोबरच येतो, वेगळे काही टाकायचे नाही. आपल्याकडे जुन्या बाजारात भरपूर फिरणारी आरएक्स ५७० आणि ५८० ही कार्डेही नीट चालतात.

एनव्हिडियाचे असेल तर मॉडेल पाहा. जीटीएक्स १६५० आणि सगळी आरटीएक्स कार्डे चालू ड्रायव्हरवर आहेत. जीटीएक्स १०५० टीआय, १०६० आणि ९०० मालिका यांच्यासाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका. ती टाकता येते, पण डिस्ट्रो निवडताना हे लक्षात ठेवावे लागते. ६०० आणि ७०० मालिकेतल्या बहुतेक कार्डांच्या ड्रायव्हरमध्ये व्हल्कन १.३ नाही आणि नव्या डीएक्सव्हीकेला तेच लागते. त्या कार्डावर वेळ घालवू नका. आणखी एक: डायरेक्टएक्स १२ चे गेम एनव्हिडियावर विंडोजच्या तुलनेत थोडे मागे पडतात. गेम खेळण्याजोगा राहतो, पण फ्रेम मोजणाऱ्याला ते खुपेल.

घरात पीसी सामाईक असेल तर घरच्यांनाही विचारा. कोणाची टॅली असते, कोणाची श्रीलिपी, कोणाचा डिजिटल सहीचा टोकन. अशा घरात विंडोज काढायचे नाही, शेजारी लिनक्स टाकायचे.

पायरी ३ : डिस्ट्रो

यावर लोक रात्र रात्र भांडतात. मी तीनच नावे सांगतो.

पीसी मुख्यतः गेमसाठीच असेल तर बझाइट. हे फेडोरावर आधारलेले आहे, स्टीम आधीच बसवलेले येते आणि एनव्हिडियासाठी वेगळी आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) मिळते. डाउनलोडच्या पानावरच ते कार्डाची मालिका विचारतात, जुन्या ९०० आणि १००० मालिकेचा पर्याय तिथे वेगळा आहे. याचा मूळ सांगाडा बदलता येत नाही. अपडेटने काही बिघडलेच तर पीसी सुरू होताना मेनूतून आधीची आवृत्ती निवडायची आणि खेळत राहायचे. नवख्याला याहून मोठा दिलासा नाही.

पीसी सगळ्यांचा असेल, ऑफिसची कामेही असतील, तर लिनक्स मिंट. दिसायला विंडोजसारखे आणि शांत. पण त्यातले कर्नल आणि ड्रायव्हर जरा जुने असतात, त्यामुळे नुकत्याच बाजारात आलेल्या कार्डाला मिंट नको. उलगडून पाहण्याची, जोडतोडीची हौस असेल तर कॅचीओएस.

खुद्द स्टीमओएस का नाही? ते हँडहेल्ड यंत्रांना समोर ठेवून बनवलेले आहे. लेनोवोच्या लीजन गो एस वर ते कंपनीकडूनच येते. तुमच्या एनव्हिडियाच्या डेस्कटॉपसाठी ते नाही.

पायरी ४ : विंडोजमध्येच उरकायची कामे

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच लोक गाळतात. पुढचे सगळे रडगाणे इथून सुरू होते.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे ड्राइव्हला कुलूप लावणारे एन्क्रिप्शन, चालू आहे का ते बघा. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या लॅपटॉपवर ड्राइव्ह परस्पर एन्क्रिप्ट करतात आणि मालकाला पत्ताही नसतो. बायोसमध्ये काही बदललेत की निळा पडदा ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. आधीच काढून कागदावर लिहा, त्याच लॅपटॉपमधल्या नोटपॅडात नको.

पॉवर ऑप्शन्समधले फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असले की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपते, आणि लिनक्सला त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

मग सेव्ह फाइल. स्टीम क्लाउड असलेल्या गेमचे सेव्ह आपोआप येतील. गेमच्या स्टीम पानावर ढगाची खूण नसेल तर तुमची शंभर तासांची प्रगती फक्त त्या एका डिस्कवर आहे असे धरा. लुडुसावी नावाचे मोफत साधन विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालते. ते सेव्ह शोधून एका फोल्डरात जमा करते. तो फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा.

शेवटी जागा. दुसरी एसएसडी लावता आली तर तेच करा. ५०० जीबीची साधी एसएसडीही पुरते. लिनक्स टाकताना विंडोजची एसएसडी काढून ठेवली तर दोघांचे बूटलोडर (पीसी सुरू होताना प्रणाली उघडणारे प्रोग्राम) एकमेकांत मिसळत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने अनेकांचे लिनक्स सुरूच होऊ दिले नव्हते, त्यामुळे या दोघांना जितके लांब ठेवाल तितके बरे. एकच ड्राइव्ह असेल तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून विभाग आकुंचित करून किमान १०० जीबी मोकळे करा. विंडोजचा विभाग विंडोजनेच लहान करावा, लिनक्सच्या इन्स्टॉलरने नव्हे.

पायरी ५ : पेनड्राइव्ह आणि इन्स्टॉल

१६ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, डिस्ट्रोच्या मूळ संकेतस्थळावरून आयएसओ उतरवा आणि रुफस किंवा एचर या साधनाने ती त्यावर लिहा. पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते.

पीसी सुरू करताना बूट मेनूची कळ दाबा: डेल, लेनोवो आणि गिगाबाइटवर एफ१२, एचपीवर एफ९, एमएसआयच्या बोर्डावर एफ११, असूसच्या डेस्कटॉप बोर्डावर एफ८. पेनड्राइव्ह निवडा. मिंट आधी काही न बसवता लाइव्ह, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच, उघडते. लगेच इन्स्टॉलवर झडप घालू नका. वायफाय लागते का, आवाज येतो का, लॅपटॉप झोपवून उठवल्यावर पडदा परत येतो का, हे बघा. इथे वायफाय नसेल तर नंतरही बहुधा नसेल.

इन्स्टॉलर 'संपूर्ण डिस्क पुसा' आणि 'विंडोजच्या शेजारी' असे पर्याय देतो. डिस्कचे नाव आणि आकार दोनदा वाचा. चुकीच्या डिस्कवर पुढे गेलात तर मागे फिरण्याचे बटण नाही.

सिक्युअर बूट (सही नसलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी बायोसमधली सुरक्षा) चालू असेल आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसत असेल तर पहिल्या रीस्टार्टला एक निळा पडदा येतो. त्यात 'एमओके मॅनेजमेंट'साठी कोणतीही कळ दाबा असे इंग्रजीत लिहिलेले असते आणि दहा सेकंदांची उलटी मोजणी चालू असते. बहुतेकांना हा बिघाड वाटतो आणि ते वाट बघत बसतात. मोजणी संपते, पडदा जातो, आणि मग ड्रायव्हर चालत नाही. त्या दहा सेकंदांत कोणतीही कळ दाबा, 'एनरोल एमओके' निवडा आणि इन्स्टॉल करताना ठरवलेला पासवर्ड द्या. बझाइटचा पासवर्ड ठरलेला आहे, त्यांच्या मार्गदर्शिकेत तो मिळेल.

पायरी ६ : स्टीम, आणि गेम पुन्हा न उतरवता

आधी सगळे अपडेट घ्या. मिंटवर ड्रायव्हर मॅनेजर उघडून एनव्हिडियाचा शिफारस केलेला ड्रायव्हर बसवा आणि रीस्टार्ट करा. स्टीम उघडून लॉगिन करा. सेटिंगमध्ये कंपॅटिबिलिटी विभाग आहे. नव्या स्टीममध्ये प्रोटॉन सगळ्या गेमसाठी मुळातच चालू असतो, पण खात्री करून घ्या. यानंतर इन्स्टॉलचे बटण विंडोजवर असते तसेच.

शंभर-दीडशे जीबीचे गेम पुन्हा उतरवायची गरज नाही. विंडोजच्या ड्राइव्हवर स्टीमअॅप्सच्या आत 'कॉमन' फोल्डर असतो. त्यातला गेमचा फोल्डर उचलून लिनक्सवरच्या स्टीमच्या 'कॉमन'मध्ये टाका आणि मग स्टीममधून इन्स्टॉल दाबा. स्टीम असलेल्या फाइल ओळखते आणि कमी असेल तेवढेच उतरवते.

याऐवजी विंडोजचाच विभाग लायब्ररी म्हणून जोडायचा मोह होईल, कारण तो ड्राइव्ह समोर दिसत असतो. विंडोजच्या ड्राइव्हची मांडणी एनटीएफएस असते आणि तिच्यावर प्रोटॉन रडत-पडत चालतो, गेम मध्येच सुरू व्हायचे थांबतात आणि कारण सापडत नाही. फाइल कॉपी करा, तिथून चालवू नका.

पहिल्यांदा गेम उघडताना 'प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स' अशी पट्टी दिसेल. गेमचे ग्राफिक्स तुमच्या कार्डासाठी आधीच तयार केले जात असतात. जुन्या प्रोसेसरवर ती बराच वेळ घेते. होऊ द्या. ती सोडून पुढे जाता येते, पण मग पहिला तासभर खेळताना अधूनमधून झटके बसतात.

पायरी ७ : गेम चालला नाही तर

क्रम महत्त्वाचा आहे. गेमवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी. तिथे आवृत्ती सक्तीने निवडायची खूण करा आणि प्रोटॉन एक्स्पेरिमेंटल घ्या. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

गेम चालतो, पण मधल्या चित्रफितीच्या जागी जुन्या दूरदर्शनसारखे रंगीत पट्टे दिसतात? ते व्हिडिओच्या कोडेकचे, म्हणजे चित्रफीत उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरचे, दुखणे आहे. प्रोटॉनअप-क्यूटी या साधनातून जीई-प्रोटॉन उतरवा, स्टीम बंद करून उघडा आणि त्याच यादीतून ते निवडा. हा बाहेरच्या लोकांनी बनवलेला प्रोटॉन आहे आणि नेमक्या अशा जागी उपयोगी पडतो.

तरीही नाही? मग त्या गेमचे विंडोज-घर पुसून नवे करायचे. प्रत्येक गेमसाठी प्रोटॉन एक वेगळे, छोटे खोटे विंडोज उभारतो. गेमवर उजवी टिचकी देऊन 'ब्राउझ लोकल फाइल्स' करा आणि दोन पायऱ्या वर या. तिथे 'कॉम्पॅटडेटा' फोल्डर दिसेल आणि त्यात फक्त आकड्यांच्या नावांचे फोल्डर. गेमचा आकडा त्याच्या स्टीम पानाच्या पत्त्यात असतो, विचर ३ चा २९२०३० आहे. तो फोल्डर काढला की पुढच्या वेळी नवा तयार होतो. पण थांबा: सेव्ह फाइलही त्यातच राहतात. आत 'पीएफएक्स', मग 'ड्राइव्ह सी', 'युजर्स', 'स्टीमयुजर' असे गेलात की विंडोजमधले ओळखीचे डॉक्युमेंट्स आणि अॅपडेटा दिसतील. आधी ते बाजूला कॉपी करा, मगच पुसा. जुन्या पीसीवरचे सेव्ह हाताने आणायचे असतील तर त्यांची जागाही हीच.

ईए, युबिसॉफ्ट, रॉकस्टार यांचे स्वतःचे लाँचर मध्ये येतात आणि अपडेट झाले की अधूनमधून रुसतात. त्यावर एकदम हमखास उपाय नाही. प्रोटॉनडीबीवर त्या दिवशीचे अभिप्राय बघायचे, बहुतेकदा कोणीतरी वाट काढलेली असते.

स्टीमबाहेरचे गेम, कंट्रोलर वगैरे

एपिक आणि जीओजी या दुसऱ्या गेम-दुकानांतल्या खरेदीसाठी हिरोइक गेम्स लाँचर टाका. लॉगिन केले की लायब्ररी दिसते आणि एपिकने फुकट वाटलेले गेमही येतात. मायक्रोसॉफ्टच्या गेम पास वर्गणीचे विंडोज अॅप मात्र लिनक्सवर चालत नाही. ब्राउझरमधून क्लाउडवर जेवढे खेळता येईल तेवढेच. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती चालते, बेडरॉकची अधिकृत आवृत्ती लिनक्ससाठी नाही.

एक्सबॉक्सचा वायरचा आणि प्लेस्टेशनचे कंट्रोलर जोडले की चालतात. स्वस्तातला कंट्रोलर अडला तर मधले होम बटण काही सेकंद दाबून धरा. बहुतेकांत मोड बदलतो आणि तो एक्सबॉक्सचा म्हणून ओळखला जातो.

दोन्ही प्रणाली ठेवल्यात तर विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक समजते, म्हणून हा साडेपाच तासांचा फरक. लिनक्सला घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगता येते, किंवा विंडोजमध्ये वेळ इंटरनेटवरून पुन्हा जुळवून घ्यायची.

विंडोजचा विभाग पहिले दोन-तीन महिने तसाच असू द्या. त्या काळात तुम्ही तिकडे किती वेळा आणि कशासाठी गेलात याची नोंद ठेवा. फक्त एका गेमसाठी जात असाल तर विभाग १५० जीबीपर्यंत लहान करा. एकदाही गेला नसाल तर तिथले फोटो आणि कागदपत्रे काढून घ्या, विंडोज ज्या ईमेलवर नोंदले आहे तो पत्ता टिपून ठेवा आणि ती जागा स्टीमच्या लायब्ररीला द्या.